तांब्याच्या भिंतीमागच्या तारा

“मॅडम, आज तुमच्या तारायले सांगून ठेवा, गप बसा म्हणा,” मशीनचे ऑपरेटर झाडेभाऊ म्हणाले आणि डब्याचं झाकण उघडून त्यांनी माझ्यासमोर धरलं. “घ्या. ज्वारीची भाकर हाये. साहेबाच्या ट्रायलीच्या दिवशी उपाशी नाही राहायचं.”

मी तुकडा मोडून घेतला, पण नजर कंट्रोल केबिनमधल्या पडद्यावरच होती. खाताना पडद्याकडे बघायचं, बोलताना फोनकडे बघायचं, झोपताना पाळण्याकडे बघायचं, असे ते दिवस होते. माझी मुलगी जुई आता तिसरीत आहे. तेव्हा ती नुकती बसायला लागली होती.

नागपूरपासून तासाभरावरच्या एका पोलाद कारखान्यात मी पीएच.डी.चं काम करत होते. कारखान्याच्या वसाहतीत एक क्वार्टर मिळालं होतं. तिथं मी, जुई आणि जुईला सांभाळायला आलेल्या माझ्या सासूबाई. नवरा नागपूरला नोकरीत. तो शनिवारी यायचा, जुईला खांद्यावर घेऊन फिरवायचा आणि “किती छान चाललंय तुमचं तिघींचं!” म्हणून रविवारी परत जायचा.

माझा विषय लोकांना सांगताना मी दुधाचं उदाहरण द्यायचे. पातेल्यातलं दूध निवायला लागलं की साय आधी कडेला धरते. पोलादाचंही तसंच. वितळलेलं पोलाद वरून एका उघड्या तळाच्या तांब्याच्या चौकटीत ओततात. त्याला मोल्ड म्हणतात. तांब्याच्या भिंतीच्या आतून पाणी खेळत असतं. भिंतीला टेकताक्षणी पोलादाला एक पातळ कवच धरतं आणि ते कवच पोटातल्या पातळ पोलादासकट सावकाश खाली ओढलं जातं. खाली रोलरवर आडवी लाल लादी सरकत येते, पुढे तिचे तुकडे कापून त्यांना क्रमांक देतात. ओतणं थांबत नाही, ओढणं थांबत नाही. ते पहिलं कवच कसं धरतं, भिंतीत उष्णता किती जाते, कुठं जास्त जाते, कुठं अडते, हे मला मोजायचं होतं. त्यासाठी तांब्याच्या भिंतीत मागच्या बाजूनं बारीक तारा बसवल्या होत्या. एक ओळ वर, एक ओळ खाली. प्रत्येक तार आपल्या जागेचं तापमान सांगायची आणि पडद्यावर तिची एक रेघ उमटायची. वरच्या तारांच्या रेघा वर, खालच्यांच्या खाली. सगळं नीट असलं की त्या आपापल्या उंचीवरून शांत चालत राहायच्या.

पण कधीकधी कवच भिंतीला चिकटतं. वरचा भाग चिकटून राहतो, खालचा ओढला जातो आणि मध्ये फाटतं. फाटलेल्या जागी पातळ पोलाद थेट तांब्याला भिडतं. मग वरची रेघ उसळून खाली पडते आणि खालची चढायला लागते. दोघी एकमेकींना ओलांडतात. ती फाटलेली जागा तशीच मोल्डच्या बाहेर पडली, तर पोटातलं सगळं पोलाद रोलरवर सांडतं. खाली पाण्याच्या नळ्यांपाशी माणसं असतात. त्यांना पळावं लागतं. वेळेत कळलं तर उपाय एकच, ओढण्याचा वेग कमी करायचा. कवचाला धरायला अवधी मिळतो आणि फाटलेलं सांधतं.

हा उपाय मी त्याआधी दोनदा करायला लावला होता, आणि दोन्ही वेळा उगाच.

पहिल्यांदा वरून पोलाद आणणारं भांडं बदलताना मोल्डमधली पातळी हेलकावली आणि सगळ्या रेघा नाचल्या. मी ओरडले, “भाऊ, फाटतंय! नक्की फाटतंय!” दुसऱ्यांदा एका तारेच्या जोडात पाणी गेलं होतं. तेव्हाही मी ‘नक्की’ म्हणाले. झाडेभाऊंनी दोन्ही वेळा लगेच वेग उतरवला. निघालं काहीच नाही.

“काही नाही निघालं,” हे शब्द तेव्हा मला घरीही ऐकू यायचे. जुईचं अंग हाताला जरा गरम लागलं की मी दवाखाना गाठायचे. वसाहतीतले डॉक्टर तपासायचे, हसायचे, परत पाठवायचे. सासूबाई दारातच विचारायच्या, “काही निघालं नाही ना? झालं समाधान? ताप तुह्या हाताले हाये वं, पोरीले नाही.”

दुसऱ्या वेळेनंतर विभागप्रमुख बोबडे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. चहा मागवला. मग म्हणाले, “बाळ लहान आहे ना तुमचं? आमच्याकडेही होतं तसं. झोप झाली नाही की सगळीकडे काहीतरी दिसायला लागतं. पाहा, मी तुम्हाला अडवत नाही. पण आता पुन्हा उगाच वेग उतरवावा लागला, तर पुढचा मोल्ड बिनतारांचा बसेल. मला माझं काम चालवायचं आहे.”

तारा नाहीत म्हणजे माझं काम नाही. अर्धवट मोजमापं घेऊन मी नागपूरला परतले असते आणि सगळ्यांनी समजुतीनं मान हलवली असती. बाळ झालं ना, होतं असं.

म्हणून त्या दिवशी झाडेभाऊ तारांना गप्प बसवायला सांगत होते. साहेबांनी नवी पावडर आणली होती. वितळलेल्या पोलादावर ही पावडर पसरतात. ती वितळून कवच आणि तांबं यांच्यामध्ये उतरते, वंगणासारखी. या पावडरीनं वेग वाढवता येईल असा साहेबांचा हिशेब होता. ट्रायल म्हणजे तीच.

दुपारी वेग चढवला. काचेपलीकडे चंदेरी कोट घातलेले दोघे जण लांब दांड्याच्या फावड्यानं पावडर सारखी करत होते. साहेब खाली उतरले होते. केबिनमध्ये झाडेभाऊ आणि मी. फोन वाजला. सासूबाई.

“घाबरू नको,” त्या म्हणाल्या. या दोन शब्दांइतकं मला घाबरवणारं जगात दुसरं काही नव्हतं. “पोरगी जराशी किणकिण करून राहिली. दाताचं असंन.”

“अंग गरम आहे?”

“नाही वं.”

“थर्मामीटर लावलात?”

“लावला. कमीच दाखवते. तू तुहं काम कर.”

फोन ठेवला आणि पडद्याकडे वळले. रुंद बाजूच्या मधल्या तारेची वरची रेघ चढली होती.

ओठांवर शब्द आला होता. तोच, ‘नक्की’ वाला. मी तो गिळला आणि आधी पातळीची रेघ पाहिली. सरळ होती. वरचं भांडं बदललं जात नव्हतं. तारेचा जोड? तो मी सकाळी स्वतःच्या हातानं बांधला होता, कोरडा होता. तेवढ्यात वरची रेघ उतरायला लागली आणि तिच्याखालची चढायला. मग शेजारची. उजवीकडची, मग डावीकडचीही, पण अगदी किंचित. एवढं किंचित की आपण बघतोय म्हणून दिसतंय की खरंच आहे, ते कळेना. भीती फोनची होती की पडद्याची, तेही कळेना.

“भाऊ.”

“बोला जी.”

“मधल्या तारेवर काहीतरी आहे. शेजारच्या दोन्हीही हलल्यात.”

भाऊंनी डबा बाजूला सारला. “फाटून राहिलं?”

“माहीत नाही.”

“नक्की सांगा.”

“नक्की नाही, भाऊ,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका साधा निघाला. “पातळी ठीक आहे. जोड ठीक आहे. तरी नक्की नाही. पण वेग कमी करा.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदा काचेपलीकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि वेग उतरवला, चांगला खालपर्यंत.

खालची रेघ चढतच राहिली. वरचीला तिनं ओलांडलं. आणखी चढली. झाडेभाऊंनी माइकवरून खालच्या माणसांना मागे व्हायला सांगितलं. आवाजात काही नव्हतं, जेवायला या म्हणावं तसं सांगितलं. मग ती रेघ थबकली, तिथंच थोडी रेंगाळली आणि उतरायला लागली. शेजारच्याही उतरल्या. खाली वाफ होती, वाफेतून लाल लादी नेहमीसारखी सरकत होती. सांडलं काही नाही. पळालं कोणी नाही.

बोबडे साहेब जिना चढून आले. त्यांनी वेगाचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“परत?”

“साहेब, मी उतरवला,” झाडेभाऊ म्हणाले.

“कोणाच्या सांगण्यावरून, ते कळतंय मला.” साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. “झाली ट्रायल. काही निघालं?”

“रेघा पाहा, साहेब,” मी पडद्यावरची नोंद मागे नेऊन दाखवली.

त्यांनी पाहिलं. अगदी मनापासून पाहिलं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगेन. मग म्हणाले, “पावडर नवी आहे. पसरायला कमीजास्त झाली असेल. यावरून फाटलं होतं असं म्हणता येईल?”

“नाही. पण त्या लादीवर खूण असेल. सांधलं असलं तरी वळ राहतो. उद्या थंड झाल्यावर बघू या. कुठली लादी, ते मी काढून देते.”

वेगावरून हिशेब करून मी लादीचा क्रमांक काढला. साहेबांनी तिथूनच यार्डात फोन लावला. यार्ड बघणाऱ्या लोणकरला म्हणाले, “ही लादी बाजूला काढून ठेव. उद्या सकाळी मी स्वतः पाहायला येतोय.” आणि मग मला, “खूण नसली, तर तारांचं आपलं ठरलंय तसं.”

मी हो म्हणाले.

संध्याकाळी घरी गेले तर जुई सासूबाईंच्या मांडीवर मान टाकून जागी होती. रडत नव्हती. अंग थंड. “रडत नाही ना, मंग झालं,” सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी दुसऱ्यांदा काही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

सकाळी यार्डात पोचले तर बोबडे साहेब आधीच आले होते. लोणकर इस्त्रीचा शर्ट घालून उभा. त्याच्यामागे ती लादी, दोन लोखंडी ठोकळ्यांवर आडवी, स्वच्छ, निळसर झाक असलेली, घासलेल्या पितळेसारखी नजर घसरणारी. शेजारच्या सगळ्या लाद्या खपल्या धरलेल्या, काळ्या, ओबडधोबड. ही एकटी नवरीसारखी.

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

“लोणकर,” साहेब म्हणाले, “हे काय केलंस?”

“स्कार्फिंग करून घेतली साहेब! रातपाळीच्या दोघायले त्यालेच लावलं होतं.” लोणकरचा चेहरा फुललेला. “तुमी सोता येणार म्हणल्यावर तशीच कशी दाखवाची? मागं गिऱ्हाईक आलं होतं तवा तुमीच बोलले होते ना, पाहायला काढलेली लादी आधी साफ पाहिजे!”

गॅसच्या ज्वाळेनं वरचा थर जाळून काढणं म्हणजे स्कार्फिंग. भेगा, वळ, खूण, जे काही असेल ते त्या थरासोबत जातं. म्हणूनच तर करतात.

साहेबांना हसावं की रागवावं ते कळेना. मला कळत होतं, पण रडू यार्डात यायला नको होतं. मी हातातल्या कागदांची घडी घातली. मग परत उघडली. मग परत घातली.

“वाईट वाटतं मॅडम,” साहेब म्हणाले, आणि ते खरंच तसं म्हणाले. “पण आता यावर काय बोलणार? जवळून पाहू एकदा, तुमच्या समाधानासाठी.”

ते पुढे झाले आणि चटकन मागे सरले. लादी अजून गरम होती.

“थांबा साहेब, थांबा!” लोणकरनं पाइप ओढला. “हाताले चटका नाही लागला पाहिजे.” त्यानं लादीवर पाणी सोडलं. चर्र झालं, वाफ उठली, पाणी दोन्ही कडांनी वाहून गेलं. त्यानं पुन्हा सोडलं. मग पाइप बाजूला टाकून तो शर्टाची बाही नीट करायला लागला.

नुकत्याच उतरवलेल्या तव्यावरून पाणी उडावं तसं लादीवरचं पाणी बघता बघता उडालं. कडांवरचं गेलं, कोपऱ्यातलं गेलं. मधलं मात्र जाईना. मध्ये एक ओली रेघ उरली होती. लादीच्या मधोमध सुरू झालेली, तिथून डावीकडे तिरपी गेलेली आणि उजवीकडेही तिरपी गेलेली. जशी पाखरं ओळीनं जाताना आकाशात दिसतात तशी. आधी मधली तार, मग दोन्हीकडच्या.

साहेब वाकून बघत होते.

“ते तेवढं माफ करा साहेब,” लोणकर घाईनं म्हणाला. “तिथं खड्डा राह्यला जरासा. पोरायले म्हणलं होतं, सपाट ठेवा. पण तिथं मोठी चीर होती जी, सांधलेली. वरवर जाळून जाये ना. मंग तिच्या मागं मागं जाळत नेली, जिथवर गेली तिथवर.”

“जिथवर गेली तिथवर,” साहेब पुटपुटले.

“हाव ना. दोन्हीकून तिरपी. काढून टाकली पुरी. आता नाही काही.”

पाणी त्या खोलगट रेघेतही आटायला लागलं होतं. साहेबांनी खिशातून खडू काढला आणि ते आटायच्या आत, कडेकडेनं, त्यांनी स्वतःच्या हातानं ती रेघ आखून घेतली. बाही वर सारून, गरम लादीवर वाकून. मग सरळ उभे राहिले. खडूचा हात पँटला पुसला.

“पुढचा मोल्ड कधी बसतोय?” त्यांनी मला विचारलं.

“पुढच्या आठवड्यात.”

“रुंद बाजूला तारांची अजून एक ओळ लागेल का हो?”

मी होकाराची मान हलवली.

“आणि लोणकर,” ते जाता जाता म्हणाले, “मी पाहायला येतो म्हटलं की काही करायचं नाही. अंघोळ तेवढी करायची.”

झाडेभाऊ मला दुपारी फाटकाजवळ भेटले. पाळी संपवून सायकल काढत होते. यार्डातली गोष्ट त्यांच्यापर्यंत माझ्या आधी पोचली होती.

“भाऊ, एक विचारू? मी नक्की नाही म्हटलं होतं. तरी तुम्ही वेग उतरवलात. काहून?”

माझ्या तोंडचं ‘काहून’ ऐकून ते हसले. “मागच्या दोन टायमाले तुमी नक्की म्हणल्या होत्या.”

“हो, आणि दोन्ही वेळा काही नव्हतं.”

“तेच तं.” त्यांनी सायकलला टांग मारायला पाय उचलला आणि परत खाली ठेवला. “माही बायको ज्या दिवशी म्हणते ना, आज मीठ नक्की बरोबर पडलं, त्या दिवशी मी पाण्याचा तांब्या घेऊनच बसतो. आन ज्या दिवशी म्हणते, चाखून पाहा बरं, मले काही समजून नाही राहिलं, त्या दिवशी भाजी फस्ट क्लास. काल तुमी अगोदर पातळी पाहिली, जोड आठवला, आजूबाजूचं पाहिलं. मी पाहून राहिलो होतो ना तुमच्याकडं. एवढं पाहून माणूस म्हणते नक्की नाही, मंग हात आपोआपच जाते जी.” आणि घंटी वाजवत निघून गेले.

घरी आले तर सासूबाई जुईला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. मी हात धुतले. जुईला घेतलं. कपाळ पाहिलं, थंड. पोट पाहिलं, मऊ. दूध पाजायला घेतलं तर तिनं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. डावीकडे मान केली की कुरकुरायची, उजवीकडे नाही. की मला तसं वाटत होतं? मी परत डावीकडे करून पाहिलं.

“आई,” मी म्हणाले, “ताप नाही हिला. पोटही दुखत नसावं. काय आहे ते मला नक्की नाही सांगता येत. पण मला वाटतं, दाखवून यावं.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टोमण्याची वाट पाहत होते. त्यांनी पदर खोचला आणि कोपऱ्यातल्या चपलांत पाय सरकवले.

“टोपडं घे तिचं,” त्या म्हणाल्या. “वारा हाये.”

आधी त्या कधीच सोबत आल्या नव्हत्या. डॉक्टरांनी जुईचे दोन्ही कान पाहिले, घसा पाहिला, हिरड्यांवरून बोट फिरवलं. डावीकडची खालची हिरडी फुगली होती. “दात,” ते म्हणाले. “बाकी काही नाही.”

बाहेर पडलो तेव्हा कारखान्याच्या चिमण्यांवर ऊन उतरलं होतं. कुठल्यातरी लादीवर कोणीतरी पाणी सोडलं असावं, यार्डाकडून पांढरी वाफ वर येत होती. मी मनाशी उत्तरं जुळवत चालले होते. काही निघालं नाही ना? झालं समाधान?

सासूबाईंनी जुईचं टोपडं कानावरून खाली ओढलं.

“काही निघालं नाही,” त्या म्हणाल्या. “बरं झालं बाप्पा.”